सासऱ्याची दाढी

गळ्याशपथ, ही गोष्ट खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, मी रशियाला कधी गेलेलो नाही, आणि हे घडलं तेव्हा माझा खापरपणजोबाही जन्मला नव्हता. पण पाहिली.

तर तिकडच्या एका बर्फाळ गावात येरोफेई नावाचा एक भोळा होता. फ्योक्ला नावाच्या मुलीवर त्याचा फार जीव. तिचे वडील साव्हेली यांचा जीव मात्र स्वतःच्या बेंबीपर्यंतच्या दाढीवर. ते म्हणाले, "घरी येऊन पोरगा पाहीन, मग लग्नाचं बोलू."

त्याच वर्षी झारचा हुकूम सुटला: दाढ्या उतरवा!

येरोफेई बोकड विकायला शहरात गेला. वेशीवर शिपाई ओरडला, "दाढीवाल्याला आत सोडणार नाही!" येरोफेईला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याने बोकड बाहेर सोडला आणि एकटाच बाजार फिरून आला. बोकड पसार.

"अरे मुडद्या," आई अकुलिना म्हणाली, "दाढी कापून आत घ्यायचं!"

"बरं, आई."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला आले. येरोफेईने दारातच मेंढ्यांची कात्री चालवली.

"कार्ट्या! दाढीवाला दारात आला की वाकायचं, हाताचा मुका घ्यायचा, पाव नि मीठ पुढे करायचं!"

"बरं, आई."

तेवढ्यात बोकड परत आला. येरोफेई कमरेत वाकला. खुराचा मुका घेतला. साव्हेलींसाठी भाजलेला अख्खा पाव मीठ लावून भरवला.

अकुलिनाने कपाळ बडवलं. "अरे, असा आला की दोन रट्टे घालून गोठ्यात बांधायचं!"

"बरं, आई."

मग आले साव्हेली. दाढी विंचरून. दोन रट्टे. गोठ्यात.

"गाढवा, मी तुझा सासरा होणार होतो!" ते बोकडाशेजारून ओरडले.

"होय बाबा, पण आईनं सांगितलंय."

इतक्यात झारचे शिपाई कात्र्या घेऊन गावात शिरले. एकूण एक हनुवटी गुळगुळीत केली. एकाने गोठ्यात डोकावलं. गवतातून दोन दाढ्या दिसल्या. साव्हेली घाईघाईने "बें" म्हणाले. शिपाई पुढे गेला.

सुटका झाल्यावर साव्हेलींनी येरोफेईला मिठीच मारली. "जावईबापू, वाचवलंत! लक्षात ठेवा, जे जिवापलीकडे प्यारं असेल, ते असंच गोठ्यात बांधून ठेवायचं!"

"बरं, बाबा."

लग्नाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. पाद्रीबाबा दाढीचे खुंट खाजवत उभे. येरोफेई हसत हसत आला. मागे बोकड.

"नवरी कुठंय रे?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"गोठ्यात. पक्की बांधलीय. तिच्याहून प्यारं मला दुसरं काय आहे? तिला जागा हवी, म्हणून ह्याला इकडं आणला."

आता कबूल करतो, यातलं एकच मी पदरचं घातलं. त्या बोकडाला दाढी नव्हती. बाकी अक्षर न् अक्षर खरं.