शालीच्या अटी

सांगलीच्या गेमिंग मंडळाच्या संमेलनाला गेम कंपनीचे बडे साहेब पाहुणे म्हणून आले. दारातच मंडळाच्या सयाजीने पुढे केलेल्या स्वागतपत्रावर त्यांनी न वाचताच झोकात सही ठोकली.

सयाजीने विचारलं, "साहेब, मी विकत घेतलेला गेम बंद का केलात? त्यात मी आणि माझ्या बहिणीनं एक गाव वसवलं होतं. वैजू गेली, गाव तेवढं उरलं होतं."

साहेब हसले. "पत्रानं कळवलं होतं की! गेम तुमचा नव्हताच, फक्त वापरायची परवानगी होती. आता सगळं पुसलंय. अटी वाचायच्या असतात हो!"

सत्काराच्या वेळी सयाजीने साहेबांना शाल पांघरवली, नारळ दिला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मग त्याने अलगद दोन्ही काढून घेतली.

"अहो, हे काय?"

सयाजीने स्वागतपत्र उघडलं. "शाल-नारळ फक्त वापरायला. मंडळ केव्हाही परत घेईल. सही तुमचीच ना?"

सभागृहात हशा पिकला. साहेबांची मान खाली गेली. "वाचलं नव्हतं हो."

"मीही नव्हतं वाचलं." सयाजी मात्र हसला नाही. त्याने शाल पुन्हा साहेबांच्या खांद्यावर घातली. "घ्या. शाल परत देता येते."