मण्याला न सुटलेला प्रश्न

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा होता, आणि त्याला सर्व काही ठाऊक होते. जन्मापासून नव्हे. शिकारीला गेला असता मायावी वज्रदंताच्या खजिन्यातला निळा मणी त्याने उचलला, मुकुटात जडवला, आणि त्या क्षणापासून जे घडले, जे घडते आणि जे घडणार, ते सारे त्याला दिसू लागले.

मग दरबारात कोणी तोंड उघडण्याआधीच राजा म्हणे, "ठाऊक आहे. पुढचा!"

पण मण्याला शाप होता. दर "ठाऊक आहे"सरशी राजाचे अंग दगडाचे होत चालले. आधी पावले, मग गुडघे, मग कंबर. राजाला तेही ठाऊक होते. पण मण्याची चटक अशी, की मुकुट काही उतरेना.

राणी मंदारिका वज्रदंताच्या शोधात एकटीच निघाली. अरण्याच्या तोंडाशी बाभळीवरचा भारद्वाज तिला म्हणाला, "राणी, उजवी वाट धर. तो तीन कामे सांगेल. दोन तुला जमतील."

"आणि तिसरे?"

"तिसरे अजून कोणाला जमलेले नाही," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

वज्रदंत आपल्या गुहेच्या दारात बसला होता. "मणी मी दिला नाही, त्याने घेतला," तो म्हणाला. "तरी मार्ग आहे. पहिले काम, नागाच्या तळ्यातले कमळ आण."

राणी तळ्यात उतरली. नागाने फणा काढून विचारले, "भीत नाहीस?"

"फार भिते," राणी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "पण कमळ न्यायचे आहे."

नाग बाजूला झाला.

दुसरे काम, रत्नांच्या भुयारातून केवळ एक मातीची पणती आणणे. भुयारातला मोत्यांचा हार बोलला, "मला घाल. कधी म्हातारी होणार नाहीस." राणी थबकली. जरा जास्तच वेळ थबकली. मग पणती उचलून ती भरभर बाहेर आली आणि तिने मागे वळून पाहिले नाही.

"आता तिसरे," वज्रदंत म्हणाला. "मण्यापाशी ज्याचे उत्तर नाही, असा प्रश्न राजाला विचारला गेला पाहिजे. जा."

राणी प्रश्न शोधत परत निघाली. आकाशात तारे किती? समुद्राचा तळ कुठे? मण्याला सारेच ठाऊक असणार. विचार करकरून थकलेली राणी राजधानीजवळच्या नदीवर आली. तिथे रेवू नावाची नावाडीण नाव लावून बसली होती. पण वल्ह्याला हात लावत नव्हती.

"पलीकडे नेतेस का, बाई?"

"नेईन. पण हात कापतात, सांभाळून बसा," रेवू म्हणाली. "का गं?" राणीने विचारले, आणि रेवूचा बांध फुटला. "पुरात बेटावर पाच जण अडकले होते. नावेत चारच मावत. परक्या गावची चार पोरे घेतली आणि सासऱ्यांना मागे ठेवले. परत जाईतो बेट बुडाले होते. तीनदा दरबारी गेले. राजा म्हणतो, ठाऊक आहे, चार वाचली, एक गेला, पुढचा! अहो, ते मलाही ठाऊक आहे. मला विचारायचे होते, मी केले ते योग्य केले का?"

राणी ताडकन उठली. नाव डगमगली. "चल माझ्याबरोबर!"

दरबारात राजा गळ्यापर्यंत दगड झाला होता. त्याचे ओठ हलले, "ठाऊक..." आणि हनुवटी करडी पडू लागली.

"थांबा!" राणी म्हणाली. "आधी हिचे पुरते ऐका."

रेवूने हात जोडून विचारले, "महाराज, मी योग्य केले का?"

मणी लखलखला. त्यात पूर दिसला, बेट दिसले, बुडणारा म्हातारा दिसला. मग मणी मंदावला. जे घडले ते त्याच्यापाशी होते. काय करावे, ते नव्हते.

मग राजा हळूच म्हणाला, "मला ठाऊक नाही, बाई. तू सांग. मी ऐकतो."

कडकन आवाज झाला. हनुवटीपासून पावलांपर्यंत दगडाला तडे गेले आणि त्याच्या ढलप्या सिंहासनाखाली पडल्या. मण्याचा गारगोटीचा खडा झाला. राजाने मुकुट काढून ठेवला, तो लटपटत पायऱ्या उतरला आणि रेवूसमोर जमिनीवर बसला.

ती सांगत राहिली. स्वतः मागे राहून सासऱ्यांनीच नाव ढकलली होती, हे तिने त्या दिवशी प्रथमच कोणापाशी उच्चारले. राजाने मध्ये एक शब्दही काढला नाही. शेवटी तो म्हणाला, "मी असतो तरी पोरेच घेतली असती. आणि तुझ्यासारखाच रडलो असतो."

रेवूने डोळे पुसले. राणीने सोडलेला श्वास साऱ्या दरबाराला ऐकू आला.

त्या दिवसापासून त्या राज्यात निवाडा उशिरा होई, पण गाऱ्हाणे पुरते ऐकले जाई. लोक सुखाने नांदले. आणि रेवू दुसऱ्याच सकाळी, स्थिर हातांनी, पहिली खेप घेऊन पैलतीरी गेली.