घंटांच्या कारखान्याचे साठ वाटे

एका बाजारगावात ओताऱ्यांनी गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा लहानसा कारखाना काढला होता. भांडवल कमी पडलं, म्हणून त्यांनी कारखान्याचे साठ वाटे पाडून गावात विकले. वाटा घेणाऱ्याला दरवर्षी नफ्यातला हिस्सा मिळे. नको झाला तर सोमवारच्या बाजारात तो दुसऱ्याला विकताही येई.

दोर वळून विकणाऱ्या बैजाक्काकडे असे चार वाटे होते. तिला मूलबाळ नव्हतं. हात चालेनासे झाले की हेच वाटे आपल्याला सांभाळतील, या भरवशावर ती होती.

एका सोमवारी परगावचा व्यापारी आला. त्याला तीन वाटे आजच्या आज हवे होते. विकणारा मात्र एकच निघाला, तोही आढेवेढे घेणारा. शंभराचा वाटा दुपारपर्यंत अडीचशेवर गेला. गावात गलका उठला, "कारखान्याला मोठं काम मिळालं असणार!"

बैजाक्का उठली आणि थेट कारखान्यात गेली. भट्ट्या तीनच होत्या, ओतारी पाचच होते. परतताना तिला शेजारचे पानवाले हुसेनभाई भेटले. ते वाटे घ्यायलाच निघाले होते.

"हुसेनभाई, घंटा होत्या तेवढ्याच आहेत. नुसता भाव वाढलाय," ती म्हणाली.

"अक्का, सगळं गाव काय वेडं आहे?" असं म्हणून त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि चढा भाव बघून विकायला आलेल्या एकाकडून अडीचशेच्या भावानं दोन वाटे घेतले.

दोन महिने गेले. एका सोमवारी गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबानं आपले सहा वाटे एकदम विकायला काढले. इतके वाटे घेणार कोण? भाव उतरू लागला. कुणीतरी म्हणालं, "भट्टी फुटलीय म्हणे." मग जो तो विकायला धावला. संध्याकाळी वाटा चाळीसवर आला.

बैजाक्कानं आपले वाटे विकायला काढले नाहीत. सकाळ होताच ती भट्टीवर गेली. म्हातारा गेनू ओतारी साच्यात रस ओतत होता.

"भट्टी फुटली म्हणतात, खरं का?" तिनं विचारलं.

"एक तडकली होती मागे. लिंपली, चौथ्या दिवशी पेटवली," गेनू म्हणाला. "पोळ्याच्या घंटांना हात पुरत नाहीत, अक्का. आम्हाला विचारायला आलेली तू पहिलीच."

ती घरी पोचते तोच हुसेनभाई दारात उभे. चेहरा उतरलेला. "अक्का, माझे दोन्ही वाटे चाळीसनं घ्या. पुढच्या बाजारात तेवढेही यायचे नाहीत."

बैजाक्काचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला. एक शब्द न बोलता दोन वाटे पदरात पडत होते. म्हातारपण आणखी निर्धास्त झालं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण तिच्या डोळ्यांपुढे त्या मोडलेल्या पाटल्या आल्या. तिनं हात काढून घेतला.

"हुसेनभाई, मी आत्ताच भट्टीवरून आले. काम जोरात आहे. चला, तुमच्या डोळ्यांनी बघा."

ती त्यांना घेऊन गेली. पुढच्या सोमवारी भरबाजारात तिनं पाहिलेलं सगळ्यांना सांगितलं. एकानं हटकलं, "तुझे चार वाटे आहेत, तू चांगलंच सांगणार!"

"भट्टी बंद दिसली असती तर तेही सांगितलं असतं," ती म्हणाली. "माझ्यावर विसंबू नका. कारखाना दोन हाकांवर आहे. जाऊन बघा."

लोक गेले, बघून आले. विकायची घाई ओसरली आणि चार बाजारांत वाटा पुन्हा शंभरावर आला. हुसेनभाईंनी मोजलेला अडीचशेचा भाव काही परत आला नाही. पण त्यांनी वाटे राखले, आणि पोळ्यानंतर नफ्याचा पहिला हिस्सा बायकोच्या हातावर ठेवताना घडलं ते सगळं तिला सांगितलं. ती तशीच उठून बैजाक्काकडे गेली आणि तिच्या पाया पडली.

तात्पर्य: जिथे घेणारे-विकणारे मोजके, तिथे एकाच्या घाईनं भाव चढतो आणि एकाच्या भीतीनं कोसळतो. अशा वेळी धंदा स्वतः पाहून यावा, आणि जे खरं दिसेल ते शेजाऱ्यापासून लपवू नये.