न घासलेली बाजू

“मग ही बाजू अशीच का ठेवलीस?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

शार्दूल गुंजाळ ओशाळला. गाडीच्या घासून चकचकीत केलेल्या उजव्या बाजूचं कौतुक ऐकायला त्यानं म्हाताऱ्याला रिक्षात घालून भिंगारहून आणलं होतं. म्हाताऱ्यानं उजवीकडे एकदा बघितलं आणि वळसा घालून तो डावीकडे आला.

शार्दूल सांगू लागला की ही बाजू भिंतीला टेकलेली होती, वाळूच्या फवाऱ्याचा पाइप आत शिरला नाही. परवा ट्रॅक्टर लावून गाडी ओढून घेतली. उद्या हिचाही गंज काढून चकचकीत करतो.

चाचा वाकून पत्रा बघू लागले.

आधी गाडी कुठली ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी, पुढं ट्रकची चाकं आणि मागं रणगाड्याचे पट्टे. चाळीस वर्षं आमच्या शाळेच्या मैदानात शोभेला उभी. पोरं तिला ‘अर्धवट’ म्हणायची. आता तिथं नवी इमारत होणार होती. मुख्याध्यापक तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, शनिवारी ही स्वतःच्या जोरावर फाटकापर्यंत आली तर तिथं कायमची जागा देतो, नाही तर सोमवारी गॅस-कटरवाला येईल.

शार्दूल याच शाळेचा. या गाडीवर चढउतर करत मोठा झाला, पुढं इंजिनिअर झाला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. मिस्त्री लोकांचं काम म्हणजे अंदाजपंचे, असं माझ्या तोंडावर म्हणायचा. मी शेजारी लेथ चालवतो, बोला आता. पण पोरानं जिवाचं रान केलं, हे मान्य करायला पाहिजे. नोकरी सोडली, जुन्या बाजारातून कार्बोरेटर आणला, दुसऱ्या ट्रकचा रेडिएटर बसवला, दोन वर्षांत इंजिन सुरू केलं.

सगळं अडलं होतं दोन हातांपायी. पट्टा मागून ताणून धरणारा एक लोखंडी हात असतो, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही कधीच कुणीतरी काढून नेलेले. हात नाही तर पट्टा सैल, आणि सैल पट्टा चार पावलांत निसटणार. शार्दूलनं परदेशात पत्रं धाडली, गाडीचा नकाशा मागवला. आला नाही. मग मी अंदाजानं दोनदा हात करून दिला. एकदा आखूड झाला, एकदा लांब.

आणि आज गुरुवार.

“नकाशा मिळाला असता तर...” शार्दूल म्हणाला.

“होता की.”

“कुठं?”

चाचा पुन्हा उजवीकडे गेले. त्या चकचकीत पत्र्यावरून त्यांनी तळवा फिरवला.

“इथं.”

शार्दूलनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, मलाही काही कळलं नव्हतं. चाचांनी पस्तीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढलेली. आजवर त्यांना विचारावं असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

डावीकडे येऊन ते जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, “भानुदास, दोरा आण.”

मी दुकानातून दोरा आणला. हात जिथं बसतो ते भोक पत्र्यात होतंच. दोऱ्याचं एक टोक त्यांनी शार्दूलला त्या भोकाच्या मधोमध धरायला लावलं. दुसरं टोक स्वतः ताणलं आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवलं.

गंजलेल्या पत्र्यावर एक कमानीसारखा ओरखडा होता, काचेवर वायपर फिरल्यावर राहतो तसा. हाताचं टोक आणि पत्रा यांच्यामध्ये चिखल, खडे अडकायचे, हात हलला की पत्रा खरवडायचा. परवापासून आम्ही तो बघत होतो आणि आम्हाला तो मळ वाटत होता. दोऱ्याचं टोक त्या कमानीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कुठं केसभर चुकलं नाही.

चाचांनी तिथं गाठ मारली. भोकापासून गाठीपर्यंत, एवढी हाताची लांबी. मग भोकाभोवतीचं गंज न चढलेलं कडं दाखवलं, म्हणजे हाताचं बूड केवढं तेही कळलं. त्यांनी दोरा शार्दूलच्या हातात दिला.

तो गाठीकडे बघत राहिला. मग उठून उजव्या बाजूला गेला आणि त्या कोऱ्या पत्र्यासमोर उभा राहिला. मला त्याची दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली. कारण उजवीकडेही अशीच कमान होती, मी डोळ्यांनी बघितलेली. वाळूवाला मीच गाठून दिला होता.

“चाचा, मी पुसून टाकलं.”

“हं.”

“ही बाजूही उद्या गेली असती.”

“हं...”

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तू दाखवायला बोलावलंस. विचारायला नाही.”

शार्दूल खाली मान घालून माझ्या दुकानात आला आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, भानुदासकाका, कसं करायचं ते तुम्ही सांगा. शुक्रवारचा आख्खा दिवस आम्ही राबलो. दोन हात केले, एकाच मापाचे, एक डावा, एक उजवा. उजव्या बाजूला हिरवा रंग मारला. डाव्या बाजूला रंग मारायला वेळ उरला नाही, निदान शार्दूल तसं म्हणाला.

शनिवारी दहा वाजता गाडी गुरगुरली, धूर ओकला आणि हलली. पट्टा जागचा ढळला नाही. मैदान ओलांडून ती फाटकापाशी येऊन थांबली तेव्हा शार्दूल स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

मुख्याध्यापक आनंदानं गाडीभोवती फिरले. उजवीकडे थबकले. नव्या हिरव्या रंगावर पांढरट कमान उमटली होती. मैदानातला खडा अडकला असणार. ते म्हणाले, अरेरे, कोरा रंग होता, उरला असेल तर एक हात फिरवून घ्या.

शार्दूलनं डबा आणला, ब्रश बुडवला आणि कमानीसमोर उकिडवा बसला. ब्रश काही पुढं जाईना. त्यानं चाचांकडे बघितलं.

चाचांनी त्याच्या हातून ब्रश घेतला, डब्याच्या काठाला निपटला आणि झाकण लावलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “पुढं कुणाला तरी लागेल.”