कमरेचा खडक

समुद्र जिथे जमिनीत चार कोस आत शिरतो, अशा एका खाडीच्या काठी एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांचा एक शिष्य नकाशे काढण्यात निष्णात होता, आणि आपण निष्णात आहोत हे त्यालाही चांगलेच ठाऊक होते. राजाने त्याला त्या खाडीचा नकाशा काढायला सांगितले. तो पसंत पडला तर दरबारात कायमची जागा मिळणार होती.

अडचण एवढीच की खाडीला एक नाव नव्हते. उत्तर तीरावरचे लोक तिला आपल्या गावाचे नाव देत, दक्षिण तीरावरचे आपल्या, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत. शिवाय मधली वळणे, खडक, खाऱ्या चिखलाची खाजणे यांना कोळ्यांनी दिलेली नावे पावलोपावली होती: गोडेमुख, कालवांची धार, परतवळण, कमरेचा खडक. शिष्याने ही सारी गावंढळ नावे पुसली आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत लिहिले, ‘विजयसागर’. राजाचे नाव विजय. भांडणही मिटले, राजाही खूश. एका दगडात दोन पक्षी!

आचार्यांनी नकाशा न्याहाळला. “सुबक आहे,” ते म्हणाले, “उद्या दरबारात ने.” शिष्याची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी तो नवे उपरणे अंगावर घेत होता, तोच शेजारची कोळीण दारात आली.

“दादा, गुरुजी पहाटंच कुणा परगावच्या होडीतनं गेलं. सांगून गेलेत, मी विजयसागरात खडकावर बसतो, भरती चढायच्या आत न्यायला ये.”

“कुठल्या खडकावर?”

“ते नाय सांगितलं. पण दादा, ह्यो विजयसागर कुठं आला?”

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. खाडीत खडक काय थोडे होते? आणि भरतीत त्यांतले बहुतेक बुडत. त्याने होडी लोटली. या काठाला हाक, त्या काठाला हाक. ज्याला विचारावे तो म्हणे, “विजयसागर? हितं न्हाई बा.” पाणी चढत होते. दरबाराची वेळ टळून गेली, उपरणे चिखलाने माखले, आणि आपल्या गुरूला आपणच हरवले या विचाराने तो वल्हवता वल्हवता रडू लागला.

एका वळणापलीकडे पांढरे केस दिसले. आचार्य कमरेइतक्या पाण्यात, हाताची घडी घालून, स्वस्थ उभे होते.

“गुरुजी, पाणी वाढतंय! चढा लवकर!”

“सावकाश ये. अमावास्येची भरतीसुद्धा इथे कमरेच्या वर जात नाही.”

“हे आपल्याला कसं ठाऊक?”

“हा कमरेचा खडक. परवापर्यंत तुझ्याच नकाशावर होता.”

शिष्याने मान खाली घातली. होडीत बसून धोतर पिळत आचार्य म्हणाले, “बाळ, मोठ्या खाडीला मोठे नाव द्यायला माझी ना नाही. पण ही लहान नावे कुणी बुडाल्यावर, कुणी वाचल्यावर ठेवलेली आहेत. कुठे उभे राहावे, कुठून मागे फिरावे, सारे त्यांत आहे. उद्या परमुलखातला तांडेल तुझ्या नकाशावरून आपले गलबत इथे आणील आणि अडकेल. मी विजयसागरात आहे, असे तो ओरडेल. त्याला शोधायला कुणी कुठे जायचे? आज तू मला जिथे जिथे शोधलेस, तिथेच ना?”

होडी परत फिरली. दरबारातली जागा आज हातची गेली होती, पण त्याचे दुःख वाटायला हवे होते त्यापेक्षा पुष्कळ कमी वाटत होते. पुढच्या वळणावर शिष्याने वल्हे थांबवले.

“गुरुजी, याला परतवळण का म्हणतात?”

आचार्य हसले आणि सांगू लागले. घरी पोचायला त्यांना संध्याकाळ झाली.

जे आपल्या आधीपासून आहे, त्याला नाव देण्यापूर्वी त्याचे नाव विचारून घ्यावे.