घोलप सरांनी स्वतःच्या तासाला हात वर केला

उंबरखेड गावात एक हायस्कूल होतं आणि तिथे विश्राम घोलप नावाचे गणिताचे सर होते. दिवाळीच्या आत सगळं पुस्तक संपवणारे म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं.

एका वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भिंतीएवढा डिजिटल फळा भेट दिला. घोलप सरांना एक युक्ती सुचली. लग्नातला कोट घालून त्यांनी रिकाम्या वर्गात आठवीचं सगळं गणित शिकवलं आणि त्याचं रेकॉर्डिंग करून घेतलं. मग तास सुरू झाला की ते फळ्यावरच्या घोलप सरांना सुरू करून देत आणि स्वतः शिक्षकांच्या खोलीत जाऊन चहा पीत.

मुख्याध्यापिका निकम बाई भलत्याच खूश झाल्या. त्यांनी तालुक्याला कळवलं. हे धडे सगळ्या शाळांत दाखवायचं ठरलं. शिक्षण खात्याचे मोठे साहेब ते पाहायला येणार होते, आणि सरांसाठी शालही आणून ठेवली होती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीला रंग लागत होता. बसायला जागा नाही म्हणून सर वर्गातच शेवटच्या बाकावर बसले. फळ्यावर स्वतःला बघताना कोट आपल्याला शोभतो, असं त्यांना वाटलं.

"अधिक पाच बरोबरच्या चिन्हापलीकडे गेला की वजा पाच होतो," फळ्यावरचे सर म्हणाले. "समजलं?"

"हो सर," वर्ग एका सुरात म्हणाला.

सरांच्या पुढच्याच बाकावरच्या नसीम तांबोळीनं शेजारणीला हळूच विचारलं, "वजा का होतो गं?"

"पलीकडे गेला म्हणून."

"मी पलीकडच्या बाकावर गेले तर मी वजा होईन का?"

सर तिला रागवणार होते. पण तेवढ्या वेळात फळ्यावरचे सर पुढे गेले होते. तिथे एकदम 'चौदा' लिहिलेलं दिसलं. हे चौदा आले कुठून, सरांना कळेना. गणित त्यांचंच, अक्षर त्यांचंच. त्यांनी नकळत हात वर केला.

"समजलं ना? छान. पुढे," फळ्यावरचे सर म्हणाले.

सगळा वर्ग मागे वळून बघू लागला.

"थांबवा रे त्याला," सर ओरडले.

"सर, रिमोट तुमच्याच खिशात आहे," नसीम म्हणाली.

त्या दिवशी घोलप सरांची चांगलीच शोभा झाली. पण डोळ्यांसमोर शाल दिसत होती. त्यांनी मुलांना बजावलं, "उद्या साहेबांसमोर 'हो सर' जरा मोठ्यानं म्हणायचं. शंका नंतर विचारायच्या."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. धडा लागला. मुलांनी एवढ्या मोठ्यानं 'हो सर' म्हटलं की साहेब दचकले.

"उत्तम," साहेब म्हणाले. "कुणाला काही अडतंय का?"

फक्त नसीमचा हात अर्धा वर गेला. तिनं सरांकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

आयुष्यभर आपण 'समजलं?' विचारत आलो आणि उत्तर यायच्या आत पुढचं गणित मांडत आलो, हे घोलप सरांच्या ध्यानात आलं. त्यांनी फळा बंद केला.

"साहेब, अडतंय," ते म्हणाले. "मला स्वतःला कालपासून अडतंय. हे धडे कुठे पाठवू नका."

निकम बाईंनी कपाळाला हात लावला.

सरांनी खडू घेतला आणि बाजूच्या जुन्या फळ्यावर तागडी काढली. "तागडीच्या दोन्ही पारड्यांतून पाच पाच काढले तर काटा हलेल का?"

"नाही," मुलं म्हणाली.

"तेवढंच करायचं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्हीकडून पाच काढायचे."

नसीम उभी राहिली. "म्हणजे सर, पाच पलीकडे जातच नाही?"

"नाही जात."

"मग इतके दिवस?"

"इतके दिवस मी त्याला उगीच नेत होतो, बाळ."

साहेबांनी फळ्यावरच्या तागडीकडे पाहिलं. "माझंही हे समजायचं असंच राहून गेलं होतं," ते पुटपुटले. पण धडे काही तालुक्याला गेले नाहीत आणि शाल निकम बाईंच्या कपाटातच राहिली.

डिजिटल फळा मात्र बंद पडला नाही. सरांनी नवे धडे तयार केले आणि रिमोट मुलांच्या हातात दिला. ज्याला अडेल त्यानं थांबवायचं, आणि मग सरांनी उठून समजावायचं. पहिल्या दिवशी फळ्यावरच्या सरांना मुलांनी 'नमस्कार'च्या पुढे फारसं जाऊच दिलं नाही. तासभरात एकच गणित झालं. पण ते सगळ्यांना आलं.

तात्पर्य एवढंच: यंत्र न थकता शिकवत राहील, पण समोरच्याला कळलं का हे पाहायला थांबणार नाही. ते थांबणं शिक्षकाचं काम आहे.