गोड लागेपर्यंत

“...मग गुरुजी, कर्बोदकं शिकवायला सुरुवात कुठून करायची?”

इंदुमतीने विचारलं खरं, पण उत्तराला थांबली नाही. शहरातल्या कॉलेजात ती जीवरसायनशास्त्राची विभागप्रमुख होती. उद्या गावच्या शाळेत, ती जिथे शिकली त्याच शाळेत, तिला तास घ्यायचा होता.

“मी कार्बनपासून सुरू करणार. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. मग साध्या शर्करा, ग्लुकोज, फ्रुक्टोज. त्या दोन जोडल्या की उसातली साखर. ग्लुकोजच्या लांबच लांब माळा झाल्या की ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च. तेच ग्लुकोज वेगळ्या तऱ्हेने जोडलं की कडब्यातला सेल्युलोज. दाणा आपल्याला पचतो, कडबा पचत नाही. सगळं पडद्यावर दाखवणार.”

“छान आहे.”

शकूर गुरुजींना आता नीट दिसत नव्हतं. बाजेवर बसल्याबसल्या त्यांनी दुरडी चाचपली, भाकरीचा कोरडा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

“चाव. गिळू नकोस.”

ती हसली. हा प्रयोग तिला ठाऊक होता.

ती चावत राहिली...

आधी नुसती ज्वारी. मग जिभेवर हळूच गोडवा उतरला आणि त्यामागून तो वर्ग आला. तापलेले पत्रे, शेणाने सारवलेली जमीन, गाल फुगवून चावत बसलेली पोरं. एरवी तो वर्ग इतका गप्प कधी नसायचा.

“लाळेनं स्टार्चची साखर होते.” तिचा आवाज मऊ झाला होता. “तुम्हीच शिकवलंत.”

“त्या दिवशी गोड कुणाला लागली नव्हती?”

“हौसाला.”

सगळ्यांचे हात वर होते. एकटी हौसा मान खाली घालून बसली होती. गुरुजींनी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘तोंडात राहिलीच न्हाई, गुरुजी.’

वर्ग खो खो हसला. इंदूसुद्धा.

गुरुजींनी आपला डबा उघडून हौसापुढे ठेवला. मग फळ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘सगळ्यांनी इकडं बघायचं.’ ते कितीतरी वेळ फळ्यावर काहीबाही लिहीत राहिले. मागे हौसा जेवत होती. शेवटचा घास तिने सावकाश चावला.

मग तिचाही हात वर गेला.

“फळ्यावर काय लिहिलं होतंत, ते आठवत नाही,” इंदुमती म्हणाली.

“मलाही नाही.”

अंगणात ऊन कलत होतं.

“गुरुजी, उद्या पोरांना पहिल्यांदा काय सांगू?”

“सांगू नकोस. विचार... सकाळी खाऊन कोण कोण आलंय.”